मदत हवी आहे: परदेशात एटीएममधून पैसे काढताना कापले जाणारे चार्जेस कसे टाळायचे?

धावतीगाडी
लवकर उत्तर हवं आहे, पुढच्या आठवड्यात निघतोय. आई-बाबा आणि आम्ही दोघं.
मागच्या परदेश प्रवासात एटीएममधून पैसे काढले होते. परत येऊन स्टेटमेंट बघतो तर पैसे काढले एकदाच आणि ओळी तीन. एक रक्कम, खाली एक ठरावीक चार्ज, त्याखाली टक्क्यांत अजून काहीतरी. त्यात मूळ रक्कमही मी दर बघून केलेल्या हिशेबापेक्षा बरीच जास्त. बँकेत विचारलं तर "परदेशातले चार्जेस आहेत" एवढंच सांगितलं. या वेळी हे टाळायचंय. नेटवर शोधलं की नुसत्या कार्डांच्या जाहिराती येतात. प्लीज ज्यांनी स्वतः पैसे काढलेत त्यांनीच सांगा.

नदीकाठ
कुठे निघालात? आणि कार्ड कोणतं, डेबिट, क्रेडिट की फॉरेक्स? तिघांची गणितं वेगळी आहेत.

चाकोरीबाहेर
रोख काढूच नका. आता सगळीकडे कार्ड टॅप होतं. आम्ही गेलो तेव्हा हॉटेल, ट्रेन, म्युझियम, कॉफी, सगळं कार्डावर. रोख घेऊन फिरणं म्हणजे खिसेकापूंना आमंत्रण.

धावतीगाडी
@चाकोरीबाहेर, प्रश्न रोख काढण्याचा आहे. आई-बाबा दुपारी आमच्यापासून वेगळे फिरणार, त्यांच्या हातात थोडे पैसे लागतीलच.
@नदीकाठ, युरोप. या वेळी फॉरेक्स कार्ड घेतलंय, युरो भरलेत. मागच्या वेळी साधं डेबिट कार्ड होतं.

हिशेबनीस
तुमच्या तीन ओळींचं कोडं आधी सोडवतो. परदेशात एटीएमवर चार प्रकारे पैसे कापले जाऊ शकतात आणि ते प्रकार वेगवेगळे आहेत.
मशीन ज्याचं आहे तो स्वतःची फी लावतो. ही बहुतेक वेळा स्क्रीनवर आधी दिसते आणि काढलेल्या रकमेतच मिसळून येते, म्हणून स्टेटमेंटवर वेगळी दिसत नाही. मग तुमची बँक दर वेळचा ठरावीक चार्ज घेते. तुमची दुसरी ओळ ती. मग तुमचीच बँक परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे दरावर आपली वाढ, लावते, टक्क्यांत. ती तिसरी.
चौथा प्रकार सगळ्यात महाग आणि तोही स्टेटमेंटवर ओळखू येत नाही. मशीन विचारतं, "तुमच्या चलनात हिशेब करून देऊ का?" हो म्हटलं की दर मशीनवाला ठरवतो. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर तिथे लागतच नाही. त्यात दहा-बारा टक्क्यांपर्यंत खड्डा पडू शकतो. तुमची मूळ रक्कम जास्त दिसतेय त्याचं कारण मशीनची फी तरी असेल नाहीतर हे तरी. जुनी पावती आहे का? तीवर फक्त स्थानिक चलन आहे की तुमचंही चलन आणि एक दर छापलाय?

उत्तरध्रुव
मी गेली काही वर्षं जर्मनीत आहे. युरोपात कुठेही युरो काढा, मला कधीच परदेशी म्हणून जादा चार्ज लागलेला नाही. इथे नियमच आहे की दुसऱ्या देशात युरो काढले तरी देशातल्याइतकाच चार्ज. उगाच घाबरवू नका लोकांना.

हिशेबनीस
@उत्तरध्रुव, तुमचं कार्ड तिथल्या बँकेचं आहे, म्हणून. युरोपीय संघाचा तो नियम संघातल्या बँकांनी दिलेल्या कार्डांना लागू आहे. धागाकर्त्याचं कार्ड संघाबाहेरचं असेल तर त्याच्या बँकेला तो नियम बांधत नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यांच्या कामाचा नाही.

उत्तरध्रुव
मी कुठे म्हटलं सगळ्यांना लागू आहे? अनुभव विचारला होता, सांगितला.

नदीकाठ
भांडू नका हो. @धावतीगाडी, युरोपात नक्की कुठे?

धावतीगाडी
व्हिएन्ना, तिथून ट्रेनने प्राग. त्याने काय फरक पडतो? कार्ड युरोचंच आहे म्हटलं ना.
पावती सापडली. दोन्ही चलनं आहेत आणि मध्ये दर छापलाय.

हिशेबनीस
मग मिळालं उत्तर. मशीननेच तुमच्या चलनात हिशेब, म्हणजे कन्व्हर्जन, केलेलं होतं.

नदीकाठ
अहो, फार फरक पडतो! प्रागमध्ये युरो हे चलनच नाही. चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो. युरोपीय संघात असणं वेगळं आणि युरो वापरणं वेगळं. हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लॉटी. क्रोएशिया २०२३ पासून युरोवर आला.
तर व्हिएन्नात तुमचं कार्ड सरळ चालेल. युरोतून युरो, चलन बदलायचा प्रश्नच नाही. प्रागच्या एटीएममधून मात्र कोरुना निघणार आणि कार्डात आहेत युरो. म्हणजे फॉरेक्स कार्ड असूनही चलनबदल होणार, आणि कार्ड देणारी बँक त्यावर क्रॉस-करन्सी चार्ज लावू शकते. चार्जेसचा कागद काढून ती ओळ शोधा, किंवा फोन करून नेमकं हेच विचारा: "युरो वॉलेटमधून कोरुना काढले तर किती टक्के, आणि दर वेळचा ठरावीक चार्ज किती?" नुसतं "चार्जेस किती" विचारलंत तर पुन्हा तेच गुळगुळीत उत्तर मिळेल.

पिवळाडबा
+१. आणि प्रागचं मशीन युरोचं कार्ड ओळखून विचारेल, "युरोमध्ये व्यवहार करायचा का?" कार्डात युरोच आहेत म्हणून माणूस साहजिकच हो म्हणतो. तिथेच फसगत होते. तिथेही नाहीच म्हणायचं, कोरुनातच घ्यायचं.

धावतीगाडी
पण युरोचं कार्ड, युरोत व्यवहार, मग वाईट काय त्यात? हे कळलं नाही.

हिशेबनीस
मशीन देणार कोरुनाच. प्रश्न फक्त कोरुनाचे युरो कोणी करायचे एवढाच. समजा १ युरोला साधारण २५ कोरुना आहेत आणि तुम्ही ५००० काढले. तर २०० युरोच्या आसपास जायला हवेत. मशीन म्हणतं, "२२४ युरो, पक्का दर, मान्य?" नाही म्हटलंत तर तेच काम कार्ड नेटवर्कच्या दराने होतं, २०० च्या जवळपास. वर तुमच्या बँकेचा क्रॉस-करन्सी चार्ज समजा ३ टक्के धरला तरी २०६. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही साइटवर दर बघायचं कॅल्क्युलेटर आहे, तारीख टाकून स्वतः पडताळा.
शिवाय मशीनला हो म्हटल्यावर बँकेचे चार्जेस वाचतात असंही धरू नका. काही बँका त्यानंतरही आपली टक्केवारी लावतात. दोन्हीकडून मार.

पिवळाडबा
स्क्रीनबद्दल नीट सांगतो, कारण घाईत तिथेच गडबड होते. भाषा इंग्रजी निवडा. पिन, रक्कम झाली की एक पान येतं: मोठ्या अक्षरात तुमच्या चलनातला आकडा, खाली बारीक अक्षरात दर. एका बाजूला "अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन", दुसऱ्या बाजूला "डिक्लाइन कन्व्हर्जन". डिक्लाइन वाचून वाटतं की व्यवहारच रद्द होईल आणि कार्ड अडकेल. तसं होत नाही. पैसे येतात. काही मशीन आणखी एकदा विचारतात, "नक्की? दर बदलू शकतो." पुन्हा डिक्लाइन. फक्त कीपॅडवरचं लाल बटण दाबू नका, त्याने खरंच सगळं रद्द होतं. आई-बाबांना हे पान आधी कागदावर काढून दाखवा.

उत्तरध्रुव
यात भर घालतो. एप्रिल २०२० पासून युरोपीय संघात असा व्यवहार देणाऱ्याला आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के वर आहे ते आधी दाखवावं लागतं. माझ्या कार्डाला तो आकडा दिसतो. संघाबाहेरच्या कार्डाला दिसेलच असं मी म्हणत नाही, पण दिसला तर वाचा. बघूनच हात मागे येतो.

जुनाखातेदार
माझं ऐका, हे सगळं सोडा आणि क्रेडिट कार्ड वापरा. निघण्यापूर्वी कार्डात जादा पैसे भरून ठेवायचे, म्हणजे उधारी होत नाही आणि व्याज लागत नाही.

नदीकाठ
काका, असा सल्ला सरसकट नका देऊ. क्रेडिट कार्डावर रोख काढली की खरेदीसारखी व्याजमुक्त मुदत सहसा नसते, पहिल्या दिवसापासून व्याज. जादा भरून व्याज वाचेलही, पण रोख काढण्याची फी बहुतेक बँका तरीही लावतात. आणि मार्कअप आहेच. काही बँका जादा भरलेले पैसे परतही पाठवतात.

जुनाखातेदार
मी कायम असंच करत आलोय, कधी अडचण आली नाही. फी लागते, मान्य. पण फॉरेक्स कार्ड हरवलं तर परदेशात कोण देणार दुसरं? एकाच कार्डावर विसंबणं मला पटत नाही.

नदीकाठ
दुसरं कार्ड सोबत असावंच, हे शंभर टक्के पटलं. ते वेगळ्या खिशात, आणि निघण्यापूर्वी अ‍ॅपमधून परदेशातला वापर सुरू करून. तो बंद असतो आणि तिथे गेल्यावर ओटीपीसाठी सिम चालत नाही, मग धावाधाव.

वाटेवरचाचहा
सिमचा विषय निघालाच आहे तर सांगते, ई-सिम घ्या. विमानतळावर सिमच्या रांगेत उभं राहायला नको. उतरल्या उतरल्या मॅप चालू. माझ्या बहिणीने घेतलं होतं, एकदम मस्त चाललं.

धावतीगाडी
ताई, धन्यवाद, पण सिमचं झालंय. मला एवढंच सांगा: एकदाच जास्त काढू की रोज थोडे? आणि कुठलं मशीन?

हिशेबनीस
ठरावीक चार्ज आणि टक्का यांत फरक करा. टक्का कितीही वेळा काढलंत तरी तेवढाच. ठरावीक चार्ज दर वेळी. समजा चार्ज ५ युरो आणि टक्का ३. एकदम २०० काढले तर ११ गेले. तेच ५०-५० करून चारदा काढले तर २६. मशीनवाल्याची फी असेल तर तीही चारदा. म्हणून एकदाच.

चाकोरीबाहेर
आणि ते २०० कोणी मारले तर? मग ११ वाचवून काय मिळवलं? मी म्हणतोय तेच बरोबर, कमीत कमी रोख.

पिवळाडबा
दोघांचंही जमवता येतं. एकदाच काढा, चौघांत वाटा. शिल्लक हॉटेलच्या लॉकरमध्ये. आणि खरंच मोठे खर्च कार्डावर करा, प्रागच्या ट्रामच्या डब्यातसुद्धा कार्डाने तिकीट निघतं. म्हणजे रोख लागते ती किरकोळच. दुकानात कार्ड लावताना मात्र तोच प्रश्न तिथल्या छोट्या मशीनवरही येतो. उत्तर तेच. काउंटरवरचा माणूस तुमच्या वतीने बटण दाबायला लागला तर थांबवा.
मशीनचं म्हणाल तर बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं शोधा, शाखेच्या वेळेत. कार्ड गिळलं तर आत जाऊन बोलता येतं. व्हिएन्नात एर्स्टे, रायफायझन, प्रागमध्ये चेस्का स्पोरजिटेल्ना, कोमेर्चनी बांका अशी नावं दिसतील. ज्यावर कुठल्याच बँकेचं नाव नाही, जे विमानतळावर, जुन्या चौकात, दुकानाच्या दारात एकटं उभं आहे, त्याच्याकडे जाऊच नका. बँकेच्या मशीनवरही परदेशी कार्डाला फी दिसू शकते. आकडा आवडला नाही तर रद्द करून पुढचं मशीन बघा, त्या टप्प्यापर्यंत काही कापलं जात नाही. आणि २००० कोरुना मागितले की बऱ्याचदा एकच मोठी नोट हातात येते. १९०० मागा, सुटे मिळतात.

धावतीगाडी
हे १९०० चं भारी आहे. प्रागसाठी युरो रोख नेऊन तिथे बदलले तर? बाबा म्हणतायत स्टेशनवर "झीरो कमिशन" लिहिलेलं असतं.

नदीकाठ
कमिशन शून्य, पण दरात वसूल. फलकावर मोठा आकडा असतो तो कधी कधी ते कोरुना घेतानाचा असतो, तुम्हाला देतानाचा नव्हे. पैसे पुढे करण्याआधी "इतक्या युरोचे हातात किती कोरुना येतील" हे लिहून घ्या. आणि बाबांना हे जरूर सांगा: एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे, १००० युरोपर्यंतचा चलनबदल तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपून ठेवायची. रस्त्यात कोणी "चांगला दर देतो" म्हणत आला तर नाही म्हणून चालू लागायचं.

जुनाखातेदार
हा कायदा मलाही माहीत नव्हता. चांगली माहिती.

धावतीगाडी
बँकेला फोन केला, तुम्ही सांगितलेलाच प्रश्न विचारला. आधी "बघून सांगतो", मग कळलं की क्रॉस-करन्सीचा टक्का आहे आणि दर वेळचा चार्जही आहे. ठरवलंय: व्हिएन्नात एकदा, प्रागमध्ये एकदा, बाकी कार्ड. आता शेवटचं. पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले तर तक्रार कुठे? त्या मशीनच्या बँकेत?

हिशेबनीस
तिथे विचारा जरूर, पण तक्रार आपल्याच कार्डाच्या बँकेकडे, त्याच दिवशी, लेखी. पुढे कार्ड नेटवर्कमार्फत मशीनवाल्याकडे जायचं काम तिचं. स्लिप आली असेल तर तिचा फोटो, नाही आली तर मशीनवर चिकटवलेला नंबर, वेळ आणि रक्कम टिपून ठेवा. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर आजच आईच्या फोनमध्येही सेव्ह करा, टोल-फ्री नंबर परदेशातून बहुतेक लागत नाही.