अनुभव धागा: हृदय तुम्हाला कुणी, कसं शिकवलं?

धागाकर्ती, चोपडा: 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिली आहे. निकाल लागेपर्यंत ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात जाऊन बसते. 'लब-डब' पाठ होतं, पण तो आवाज झडपा मिटण्याचा असतो, उघडण्याचा नाही, हे काकांनी स्टेथोस्कोप कानात घालून दिल्यावर डोक्यात शिरलं. मला मात्र अजून निम्मी खरखरच ऐकू येते. तुमचे अनुभव लिहा. खान्देशाबाहेरच्यांनाही बंदी नाही!

भुसावळकर: कानात घालायची टोकं पुढे, नाकाकडे वळलेली हवीत. उलटी घालत असशील. पेशंटचा सदराही मध्ये नको.

शिक्षिका, अमळनेर: मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकवते. खाटकाला सांगून बकऱ्याचं हृदय आणवते आणि मुलांना आत बोट घालायला लावते. उजवी भिंत पातळ, डावी चांगली जाडजूड. तिला सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं. झडपेला धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसले की मागच्या बाकावरचेही पुढे येतात.

इंटर्न, धुळे: मी मूळचा कोकणातला, अहिराणी नवी. एक आजी आल्या, जुना मधुमेह, घाम सुटलेला. म्हणत होत्या, "छातीमा काही नही, पोटमा जयजय व्हस" (पोटात जळजळतं). सर पलीकडून म्हणाले, "ईसीजी काढ. मधुमेहात अटॅक पुष्कळदा पित्ताचं सोंग घेऊन येतो." सिस्टरांनी माझं बोट धरून फासळ्या मोजायला लावल्या: छातीच्या हाडावरचा उंचवटा, तिथे दुसरी फासळी, मग खाली चौथी फट, तिथे पहिले दोन लीड (ईसीजीच्या तारा). डोळ्यांनी अंदाज करायचा नाही! पट्टीवर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटीची रेघ उचललेली, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक. मी रक्तवाहिन्या सैल करणारी जिभेखालची गोळी काढायला वळलो तर सरांनी हात धरला. "आधी उजव्या बाजूचा ईसीजी. उजवं वेंट्रिकल (खालचा उजवा कप्पा) अटॅकमध्ये सापडलं असेल तर या गोळीने बीपी धाडकन पडेल." पुस्तकात ही ओळ मी अधोरेखित केलेली होती, हे विशेष.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार: आमच्या सरांची रीत, आधी तळहात, मग स्टेथोस्कोप. धाप लागणाऱ्या एका तरुण बाईला डाव्या कुशीवर वळवून माझा हात छातीवर ठेवला. मांजर घुरघुरावं तशी थरथर. मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसलेली. लहानपणी घसा धरून सांधे सुजले होते का, हे सरांनी पावरीत (पावरा आदिवासींच्या बोलीत) विचारलं, कारण त्या आजारातूनच पुढे झडप खराब होते. मला तेवढंही येत नव्हतं. अशांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, आणि बाई मजुरीला गुजरातेत गेली की ते हमखास चुकतं. म्हणून कार्डावर तारखांसोबत तिकडच्या सरकारी दवाखान्याचं नावही लिहायचं, हे त्यांनीच शिकवलं.

धागाकर्ती, चोपडा: थरथर हाताला लागते हे माहीतच नव्हतं. @इंटर्न, आजींचं पुढे काय झालं?

इंटर्न, धुळे: अँजिओप्लास्टी झाली. तपासणीला येतात, आणि माझ्या अहिराणीला हसतात.