‘प्रगती नाही’ म्हणून उपचारांचा दावा नाकारला

प्रश्न: माझ्या ४ वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायू व हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) आहे. सरकारी विमा योजनेने तिच्या फिजिओथेरपीचा दावा ‘अपेक्षित प्रगती नाही’ या कारणाने नाकारला आहे. अपिलात काय मांडावे?

उत्तर: नकाराचे कारण व अपिलाची मुदत प्रथम लेखी मागून घ्या. मुलगी आधाराशिवाय किती वेळ बसते आणि उपचार थांबल्यास स्नायू आखडून कोणती क्षमता गमावेल, हे थेरपिस्टकडून मोजमापांसह लिहून घ्या. असलेली क्षमता टिकवणे हेही उपचाराचेच फळ आहे, आणि माझ्या मते अपिलाचा खरा जोर तिथेच आहे.

आणखी एक उत्तर: अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे कलम २५ आरोग्यविम्यातील भेदभावास मनाई करते. आपल्या देशाने तो स्वीकारला असल्यास त्याचा उल्लेख अवश्य करा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. अहवाल उद्याच मागते.