नारळ तोच, मग एकानं गाल तडकतात आणि एकानं नाही, असं का?

यावलकरीण:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आमचं गाव यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. पाणी बोअरचं. इतकं जड, की तूरडाळ शिजवायला जारचं पाणी घ्यावं लागतं आणि हीटरच्या कॉइलवर दोन महिन्यांत चुन्याचा पापुद्रा धरतो. दिवाळीनंतर एका प्रदर्शनातून मी हातानं बनवलेल्या साबणाच्या चार वड्या आणल्या. वेष्टनावर लिहिलेलं, 'नारळाच्या वनस्पतिजन्य फॅटी ॲसिडपासून, चेहऱ्यासाठी अतिसौम्य'. एक वडी १२० रुपयांना. म्हटलं चेहऱ्याचा प्रश्न आहे, होऊ दे खर्च.

पंधरा दिवसांत गाल असे ओढले जायला लागले की हसताना कळायचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना कोंडा. तेरा वर्षांच्या लेकीला पुटकुळ्या येतात म्हणून तिलाही तीच वडी दिली, तर पुटकुळ्या जागच्या जागी आणि वर कपाळ खडबडीत. मग पुण्याच्या बहिणीनं एक फेसवॉश पाठवला. मागे बारीक अक्षरात 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' लिहिलंय. बहीण म्हणते हेही नारळाच्याच फॅटी ॲसिडपासून. त्यानं काही ओढत नाही. वडीच्या वेष्टनावर 'सोडियम कोकोएट' आहे.

आता सांगा, नारळ तोच, ॲसिड तेच, मग फरक कुठे पडला? सासूबाईंकडे उत्तर तयार आहे: "डाळीचं पीठ लावा अन् गप बसा."

बोदवडचा_भो:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. साबण आला की केमिकल आलंच. नैसर्गिक वापरा, विषय संपला.

अमळनेरचे_काका:
भो, ताईंची ती १२० रुपयांची वडी नैसर्गिकच होती की. तिनंच गाल तडकवले ना?

ताई, तेलगिरणीची लॅब आणि पुढे साबणाची लॅब मिळून मी ३१ वर्षं काढली, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. आमच्या अमळनेरात तेल आणि साबण एका घरातलेच. १९४५ साली इथं वनस्पती तूप काढायला एक कंपनी निघाली, जोडीला ७८७ नावाचा कपड्यांचा साबण करायची. तीच पुढे विप्रो झाली. सरकीचं तेल कॉस्टिक सोड्यानं साफ करताना खाली काळपट गाळ बसतो, त्याला आम्ही सोपस्टॉक म्हणतो. त्यातही फॅटी ॲसिडच, सरकीची, शंभर टक्के वनस्पतिजन्य. तो चेहऱ्याला लावाल का?

आता तुमचा नारळ. फॅटी ॲसिड नुसतं असलं तर धूत नाही. ती एक लांब तेलकट शेपटी समजा. मळाला, तेलाला ती धरते, पण तिला पाण्याकडे ओढायला डोकं लागतं. कॉस्टिक सोड्यानं सोडियमवालं डोकं दिलं की झाला साबण, तुमचं सोडियम कोकोएट. आयसेथिओनिक ॲसिडचं डोकं बसवलं की तुमच्या बहिणीचा फेसवॉश. ग्लायसिन किंवा ग्लुटामिक ॲसिड जोडलं की कोकोइल ग्लायसिनेट, कोकोइल ग्लुटामेट. आणि त्याच शेपटीचं आधी अल्कोहोल करून तिला सल्फेट लावलं की सोडियम लॉरिल सल्फेट, ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात. तेही नारळातनंच निघतं. म्हणून 'वनस्पतिजन्य' या शब्दावरून सौम्यपणाचा काहीच पत्ता लागत नाही. वेष्टन उलटं करायचं आणि डोकं बघायचं.

साबणाच्या डोक्याची खोड अशी की त्याचा पीएच, म्हणजे आंबट-क्षारीपणाचं माप, ९ ते १० राहतो, म्हणजे क्षारी; आपल्या कातडीचा ५च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. कातडीच्या वरच्या थरात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडांचं लिंपण असतं, कुडाच्या भिंतीला असावं तसं. क्षारी पाण्यानं ती फुगते आणि लिंपण धुऊन जायला लागतं. कुणी म्हणेल, मग साबणाचाच पीएच उतरवा. जमत नाही. कपभर साबणाच्या पाण्यात लिंबू पिळून बघा. फेस मरतो, पाणी दुधासारखं होतं आणि वर तेलकट साय धरते. डोकं गळून पडलं, नुसतं फॅटी ॲसिड उरलं. म्हणून खऱ्या साबणाच्या वडीवर कुणी 'पीएच ५.५' छापलं असेल तर दुकानदाराला दुरूनच रामराम करावा.

तुमच्याकडे बोअरचं पाणीही आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला ती राखाडी मेणचट रेघ दिसते ना, तीच गालावरही बसते. बरं, फेस येत नाही म्हणून आपण वडी आणखी घासतो. आयसेथिओनेटचं कठीण पाण्याशी इतकं वाकडं नाही. पटत नसेल तर दोन बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं. दोन्हींत वडीचा तेवढाच कीस टाकून हलवा.

राहिली शेपटी. नारळाच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, बारा कार्बनचं. आखूड शेपटी, फेस भरपूर, पण कातडीला तीच जास्त झोंबते. शेंगदाण्यातलं ओलेइक अठरा कार्बनचं. फेस कमी, स्वभाव मवाळ. 'शुद्ध नारळाची' वडी भांडं घासायला झकास, गालाला नाही.

धडगावची_वहिनी:
काका, हे वाचून माझीच चूक मला उलगडली. आमच्याकडे सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल काढतात. थंडीत थिजतं, पायांच्या भेगांना लावतो. मागच्या वर्षी मी नारळाच्या साबणाची कृती घेतली, नारळाऐवजी मोहाचं तेल घातलं आणि कॉस्टिक मात्र कृतीत होतं तेवढंच. वड्या दिसायला छान झाल्या. पहिल्याच धुण्याला हाताची आग आग. मला वाटलं मोहच सोसत नाही.

अमळनेरचे_काका:
वहिनी, मोहाचा दोष नाही. १०० ग्रॅम नारळाच्या तेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं. शेंगदाण्याला साडेतेरा, मोहही त्याच्याच जवळ. शेपट्या लांब म्हणजे तेवढ्याच वजनात त्या मोजून कमी, म्हणून डोकीही कमी लागतात. तुमच्या वडीत दर १०० ग्रॅम तेलामागे चार-साडेचार ग्रॅम मोकळं कॉस्टिक उरलं. त्या वड्या हाताला नकोत, मोरी धुवायला वापरा, तेही हातमोजे घालून. पुढच्या वेळी हिशेबापेक्षा पाच टक्के कॉस्टिक कमीच घाला, थोडं तेल वडीत शिल्लक राहू द्या.

बोदवडचा_भो:
काका, आमचे वडील साबण घेताना टीएफएम बघतात. त्याचं काय?

अमळनेरचे_काका:
चांगली सवय आहे, पण तिचा अर्थ वेगळा. टीएफएम म्हणजे वडीत एकूण फॅटी ॲसिड किती. पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपला किमान ७६ टक्के लागतं, 'बेदिंग बार'ला ४० चालतं. आकडा मोठा म्हणजे भराव कमी, वडी लवकर गळत नाही. पीएच मात्र त्या आकड्यावरून कळत नाही; वडी साबणाची असेल तर तो साबणाचाच.

यावलकरीण:
काका, काल दुपारी ओट्यावर प्रयोग केला. जारच्या पाण्याच्या बाटलीत बुचापर्यंत फेस. बोअरच्या बाटलीत फेसाचं नाव नाही, फाटलेल्या दुधासारख्या कण्या, आणि ओतून दिल्यावर काचेला चिकट थर. तो बोटानं काढून लेकीला दाखवला, "हे तुझ्या कपाळावर होतं." तोंड वाकडं करून गेली. लिंबाचाही केला. सासूबाई आधी म्हणाल्या लिंबू वाया घालवलं, मग चष्मा लावून वाकून बघत बसल्या.

वड्या आता मोरीपाशी, हातपाय धुवायला. ह्यांच्या हातावरचा केळीचा चीक तिनंही निघत नाही, तो वेगळाच वनवास. चेहऱ्याला फेसवॉश, आणि शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा. लेकीनं दिवसातून किती वेळा तोंड धुवावं? ती चार-चार वेळा धुऊन राहिली. आणि सासूबाई विचारतात, डाळीच्या पिठात कोणतं ॲसिड?

अमळनेरचे_काका:
दोनदाच. चार वेळा धुवून पुटकुळ्या जात नाहीत, कातडी तेवढी सोलवटते. महिन्या-दीड महिन्यात फरक नसेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, तिथं माझी लॅब संपली.

आईंना सांगा, डाळीचं पीठ तेल शोषतं आणि घासून काढतं. त्याचा साबण होत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यात साकाही होत नाही. तेवढ्यापुरत्या त्या बरोबर. फक्त वस्त्रगाळ करून लावा, आणि पुटकुळ्यांवर रगडू नका.

यावलकरीण:
वाचून दाखवलं. "तेवढ्यापुरत्या" हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. सकाळपासून शेजारणींना बोलावून सांगताहेत, अमळनेरच्या साहेबांनी लिहून दिलंय म्हणून.