मदत हवी आहे: वेकसर्फिंगची लाट लगेच सोडून जाते, वजनात चूक आहे की जागेत?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात फौंड्रीत काम करतो. धाकटा भाऊ टेक्सासात ऑस्टिनला असतो, त्यानं आणि दोन मित्रांनी मिळून एक जुनी २१ फुटी इनबोर्ड (इंजिन आतच असलेली) बोट घेतलीय आणि एप्रिलमध्ये मी तिकडं गेलेलो तेव्हा तीन वीकेंड आम्ही लेक ट्रॅव्हिसवर वेकसर्फिंग केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बोट सावकाश चालवायची, तिच्या मागं जी लाट उठते तिच्यावर बोर्ड घेऊन उभं राहायचं, आधी दोरी धरायची आणि लाट ढकलायला लागली की दोरी सोडायची. पंचगंगेत पोहायला शिकलोय त्यामुळं पाण्याची भीती नाही, दुसऱ्याच दिवशी उभा राहिलो, पण दोरी सोडली की तीन-चार सेकंदात लाट पुढं आणि मी मागं. लई जीव तुटतो हो, कारण त्या तीन सेकंदात जे वाटतं ते दुसऱ्या कशात नाही.

आता बोटीचं सांगतो. मागं मोठी लाट उठावी म्हणून वजनासाठी पाण्याच्या तीन टाक्या आहेत, मागच्या दोन कोपऱ्यात एकेक आणि एक पुढं. माझा डावा पाय पुढं असतो म्हणून मला डाव्या बाजूची लाट लागते. त्यामुळं डावी मागची टाकी फुल्ल, बाकी दोन्ही रिकाम्या, शिवाय दोन माणसं डावीकडं मागं बसवलेली. स्पीड ताशी १० मैल. लाट उंच येते, पण आखूड, बोटीपासून सहा-सात फुटांवरच वरची कड फुटून फेस होतो.

घोळ इथं आहे. पहिले दोन वीकेंड वारं होतं म्हणून आम्ही तळ्याच्या एका आडोशाच्या फाट्यात गेलो. ट्रॅव्हिस म्हणजे तिकडच्या कोलोरॅडो नदीवरच्या मॅन्सफिल्ड धरणाचं पाणी, आपल्या काळम्मावाडीचं मे महिन्यात उतरतं तसं तिथलंही खालीवर होतं, आणि त्या फाट्यात खोलीचा मीटर ९-१० फूट दाखवत होता. शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला धरणाकडच्या मोठ्या पाण्यात गेलो, खोली ६० फुटाच्या वर, तेच वजन, तोच स्पीड, आणि लाट एकदम गुळगुळीत, मी १५ सेकंद दोरीशिवाय उभा! नऊनंतर वारं सुटलं, बाकीच्या बोटी आल्या आणि सगळं पाणी खळबळलं, मग परत जमेना. भाऊ म्हणतो टाक्यांचं गणित चुकतंय, त्याचा मित्र म्हणतो सगळा वाऱ्याचा खेळ. ऑक्टोबरमध्ये परत जाणार आहे, १२ वर्षांची मुलगी पण येणार आहे, तिलाही शिकायचंय. आधी काय बदलू?

प्रतिसाद

दादा, मी सांगलीचा, पाच वर्षं मिनेसोटात होतो, तिथं दर उन्हाळ्यात हेच करायचो. तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, खोली. लाट बोटीच्याच वेगानं मागं येते, आणि १०-११ मैल स्पीडला दोन लाटांमधलं अंतर साधारण १३ ते १५ मीटर पडतं. खोली त्याच्या निम्म्याहून जास्त असली, म्हणजे २१ ते २५ फूट, तर लाटेला तळाचा पत्ताच लागत नाही. ९-१० फुटांत मात्र लाट तळाला घासल्यासारखी चालते, बोटीची मागची बाजू जास्त बसते, इंजिन ओढतं आणि लाट अंगावर येऊन फुटते. व्हर्माँट राज्यानं २०२४ पासून असल्या बोटींना किमान २० फूट खोली आणि काठापासून ५०० फूट अंतर सक्तीचं केलंय, ते तळ आणि काठ वाचवायला, पण लाटेलाही तेच मानवतं.

आडोशाचा दुसरा तोटा म्हणजे काठ जवळ. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून बघा, वारं असलं की लाट दगडाला आपटून उलटी येते आणि पुढच्या लाटेत घुसते. फाट्यात एक फेरी मारून वळलात की तुमचीच जुनी लाट तुम्हाला आडवी येते. म्हणून सरळ लांब पट्टा धरा आणि परत फिरताना थोडं थांबून पाणी बसू द्या.

वजनाचं दुसऱ्या नंबरला. सगळा भार मागं असला की लाट उंच आणि आखूड होते, थोडा पुढं सरकवला की उंची जरा कमी होते पण लांबते, नवशिक्याला लांबच पाहिजे. पुढची टाकी अर्धी भरा, स्पीड अर्धा मैल वाढवा. पण दोन्ही एकदम नको.

प्रतिसाद

भाऊ, मुलगी येणार म्हणून लिहितेय. बोट इनबोर्ड आहे, पंखा खाली आणि आत आहे म्हणून हे चालतं, आउटबोर्डच्या, म्हणजे इंजिन मागं बाहेर टांगलेल्या बोटीच्या, मागं तिला कधीही उतरवू नका. आणि बोटीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसू देऊ नका. इंजिनाचा धूर तिथंच साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, चक्कर आली तर लोक उन्हानं झालं समजतात. पाण्यात तर बोटीच्या अगदी जवळच असतो आपण. डोकं दुखलं की ताबडतोब थांबायचं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. धुराचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही सगळे त्याच फळीवर बसून चहा प्यायलोय, आत्ताच भावाला फोन करून सांगितलं.

एका वेळी एकच बदलायचं हे एकदम पटलं. आमच्यात कास्टिंगला ब्लो होल (आत हवेचं भोक) आलं की वाळूची ओल, धातूचं टेंपरेचर आणि गेटिंग (धातू आत जायची वाट) एकदम बदलत नाही, नाहीतर कशानं गेलं ते कळतच नाही, आणि तिकडं पाण्यावर मात्र जागा आणि वारं दोन्ही एकदमच बदललं. आता असं ठरवलंय, पहिला दिवस फक्त खोल पाणी, सकाळी सात ते नऊ, वजन-स्पीड एप्रिलचंच. दुसऱ्या दिवशी पुढची टाकी अर्धी. स्पीड तिसऱ्या दिवशी. भाऊ प्रत्येक फेरीचे सेकंद वहीत लिहिणार.

एकच राहिलं. मुलीचं वजन ३४ किलो आहे, तिचा उजवा पाय पुढं येतोय असं घरात सतरंजीवर घसरवून बघितलं, म्हणजे तिच्यासाठी उजवी टाकी भरायची आणि माणसं तिकडं बसवायची हे बरोबर ना? आणि एवढ्या हलक्या पोरीला टाकी फुल्लच लागते का अर्ध्यावर भागेल?