४० हजारांत दिवाणखान्यासाठी टीव्ही : व्हीए पॅनेल घ्यावे की आयपीएस?

नमस्कार. आमच्या दिवाणखान्यात सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर साधारण ८ फूट असून, ४० हजार रुपयांपर्यंत ५० किंवा ५५ इंची फोर-के टीव्ही घ्यावयाचा आहे. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचे (पॅनेलचे) दोन प्रकार. व्हीए पॅनेलवर काळा रंग अधिक गडद दिसतो, मात्र बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. आयपीएसचे नेमके उलट. आई खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून, म्हणजे बऱ्याच तिरक्या कोनातून, मालिका पाहते आणि मी रात्री दिवे मालवून चित्रपट पाहतो, त्यामुळे निर्णय अडला आहे. दुकानात सगळेच संच भडक ‘व्हिविड’ मोडवर लावलेले असल्याने तेथे काही उमगले नाही. या किमतीत खरोखर उपयोगी पडेल असे लोकल डिमिंग (पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय) मिळते का, की ते केवळ खोक्यावरचे शब्द असतात? वर्षभर वापर केलेल्यांनी कृपया मॉडेलसह अनुभव कळवावा.