ताईची फॅमिली पेन्शन तिघांत वाटतो, मग टॅक्स तिच्या एकटीच्या माथी का?

मधला भाऊ, सातारा
वडील पोस्टातून निवृत्त झालेले. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन आईला मिळाली, आई गेल्यावर घटस्फोटित ताईला. मंजुरी रखडली आणि यंदा ११ लाखांची थकबाकी एकदम तिच्या खात्यात पडली. चालू वर्षाचे साडेतीन लाख वेगळे. वडिलांचं आजारपण तिघांनी मिळून काढलं, म्हणून पेन्शनही तिघांत वाटायची असं घरात ठरलंय, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहूनही ठेवलंय. माझं स्पष्ट मत आहे: ज्याच्या हाती जितका पैसा, त्याने तितक्यावर टॅक्स भरावा आणि नव्या करप्रणालीत फॅमिली पेन्शनवर मिळणारी २५,००० रुपयांची वजावट तिघांनाही मिळावी.

निवृत्त लेखापाल
अहो, ही पेन्शन वडिलांची इस्टेट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच व्हायोलेट आयझॅक प्रकरणात सांगितलंय की फॅमिली पेन्शन मृत्युपत्राने देता येत नाही, कारण ती मृताच्या मालमत्तेत मोडतच नाही. ती नियमाने ठरलेल्या व्यक्तीला मिळते. केंद्राच्या नियमात जुळी मुलं किंवा एकाहून जास्त विधवा असे अपवाद सोडले तर एका वेळी एकालाच. ताईला मिळाली ती ती थोरली म्हणून नाही, तर ती घटस्फोटित आहे आणि तिची महिन्याची कमाई ९,००० अधिक त्यावरचा महागाई भत्ता एवढ्याच्या आत आहे, म्हणून. आईच्या हयातीतली पेन्शन देणं राहिलं असेल तर ती रक्कम वेगळी, ती नॉमिनीकडे किंवा वारसांकडे जाते. या दोन रकमांची गल्लत करू नका.

मधला भाऊ, सातारा
काका, नियम मान्य. पण जुळ्यांना अर्धी-अर्धी मिळते आणि टॅक्सही आपापल्या वाट्यावर लागतो. मग लेखी संमतीने वाटणाऱ्या भावंडांना का नाही? पैसा खरोखर तिघांच्या घरात जातोय, लपवाछपवी काहीच नाही.

धाकटी, बेळगाव
मला या साताऱ्याच्या दादांचं पटतं. आमच्या घरीही पेन्शन एकीच्या नावावर येते आणि सगळ्यांच्या औषधपाण्याला जाते. कायद्याने घर कसं चालतं ते बघायला हवं.

कर सल्लागार, पुणे
जुळ्यांना वाटा नियमाने मिळतो, तुम्हाला ताईच्या मर्जीने. इथेच सगळा फरक आहे. उत्पन्न हाती येण्याआधीच कायद्याने दुसऱ्याचं झालेलं असेल तर ते तुमच्या हिशेबात धरत नाहीत. हाती आल्यावर तुम्ही वाटलंत तर तो तुमचा खर्च. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या सीतलदास तीरथदास निकालापासून हीच कसोटी आहे. स्टॅम्पपेपरचं तर विसराच: पेन्शन कायदा, १८७१ चं कलम १२ पुढे येणारी पेन्शन आधीच दुसऱ्याच्या नावे करण्याचे करार रद्दबातल ठरवतं. ताईने दिलेले पैसे तुम्हाला भेट म्हणून करमुक्त आहेत, कारण भाऊ-बहीण कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहेत. पण तिच्या उत्पन्नातून ते वजा होत नाहीत.

आता खरी अडचण थकबाकीची. साडेचौदा लाखांतून २५,००० गेले की १४.२५ लाख उरतात. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत त्यावर सेससह ९७,५०० टॅक्स बसतो. पण आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८९ ची थकबाकीवरची सवलत या वर्षाच्या फॅमिली पेन्शनच्या थकबाकीलाही आहे. रक्कम ज्या त्या वर्षात टाकून हिशेब केला आणि त्या वर्षांत ताईचं दुसरं उत्पन्न नसेल, तर टॅक्स शून्यावर येतो. या सवलतीसाठीचा फॉर्म १०ई मात्र विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरा.

धाकटी, बेळगाव
म्हणजे टॅक्सपुरती वाटणीची गरजच नाही!

मधला भाऊ, सातारा
१०ई या आठवड्यातच भरतो. ९७,५०० वाचणार असतील तर ते ताईच्याच खात्यात राहू देत. मत मात्र बदललेलं नाही. लेखी संमती असेल तर वाट्यावर टॅक्स लावण्याची तरतूद कायद्यात यायला हवी.

निवृत्त लेखापाल
मी त्याला विरोधच करेन. तशी तरतूद आली तर अविवाहित आणि घटस्फोटित बहिणींवर सह्यांसाठी दबाव येईल. पेन्शनची कामं करताना अशा सह्या घेतलेल्या मी पाहिल्यात. तो स्टॅम्पपेपर आधी फाडा.