मदत हवी आहे: काकांच्या ओळखीसाठी माझं रक्त चालेल का?

समीर_क:
घाटाखाली हाडं सापडलीत. पोलिसांना वाटतंय, बेपत्ता असलेल्या माझ्या काकांची असावीत. डीएनएसाठी जवळच्या नातेवाइकाचं रक्त मागितलंय. मी पुतण्या, चालेल का? उद्या सकाळी जायचंय, लवकर सांगा.

वैदेही:
सख्खे काका ना? त्यांना मुलं आहेत? आजी-आजोबा हयात आहेत? एसटीआर चाचणीत (डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे किती वेळा येतात ते मोजतात) आई-वडील किंवा मूल सगळ्यात उपयोगी. पुतण्याशी सरासरी पाव भागच जुळतो, तेवढ्यावर ठाम काही म्हणता येत नाही.

जुनाजाणता:
एवढं कशाला? वाय-एसटीआर करा, म्हणजे तीच चाचणी फक्त वाय गुणसूत्रावर. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं येतं. पुतण्या उत्तम.

वैदेही:
तेच वाय सगळ्या चुलत भावांतही असतं. त्यावरून घराणं कळेल, माणूस नाही.

जुनाजाणता:
त्या घरातलं दुसरं कोणी बेपत्ता नसेल तर तेवढंही पुष्कळ आहे. आणि जुळलं नाही तर हे काका नाहीत, हे तरी कळेल.

प्राची_म:
पितृत्व चाचणीला गालाच्या आतला स्वॅब चालतो का?

वैदेही:
चालतो. वेगळा धागा काढा ना प्लीज.

इतिहासवेडा:
या सगळ्याची सुरुवात 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी केली. पहिल्याच खून प्रकरणात त्यांच्या चाचणीने कबुली दिलेला पोरगा सुटला, खरा गुन्हेगार नंतर सापडला. तेव्हा डीएनए भरपूर आणि चांगल्या स्थितीत लागायचा. आता पीसीआरमुळे (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) थोडक्यात भागतं.

समीर_क:
सख्खे काका. मूलबाळ नाही. आजी-आजोबा गेले. काकू आहेत, त्यांचं रक्त?

वैदेही:
मूल असतं तर काकूंचं उपयोगी पडलं असतं. पण तुझे वडील? ते तर सख्खे भाऊ!

समीर_क:
बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या हृदयाला झेपणार नाही.

वैदेही:
मग आत्या आहे का? तिला आणि काकांना आजीकडून एकच मायटोकाँड्रियल डीएनए (फक्त आईकडून येणारा) मिळालाय. तुझ्यात तो तुझ्या आईचा. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडातही मिळण्याची शक्यता जास्त. रशियाच्या झारच्या कुटुंबाची हाडं ओळखताना झारिनासाठी तिच्या बहिणीच्या मुलीचे मुलगे प्रिन्स फिलिप यांचं रक्त वापरलं ते याचमुळे. तुझं आणि आत्याचं, दोन्ही द्या. काकांचा टूथब्रश किंवा रेझर असेल तर तोही. कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये ओल धरते.

समीर_क:
आत्या मिरजेला असते, आत्ताच फोन करतो. तिने तिथेच रक्त दिलं तर चालतं का, की इकडेच यावं लागेल?